राज्याभिषेकावर निबंध: ऑक्झिंडेन की सभासद?

६ जून १६७४ चा रायगडावरचा शिवाजी महाराजांचा सोहळा. विद्यार्थ्यांच्या निबंधात दोन साधने हटकून येतात: इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनची नोंद आणि कृष्णाजी अनंत सभासदाची बखर.

ऑक्झिंडेन त्या दिवशी दरबारात हजर होता. सिंहासनाशेजारी सोनेरी भाल्यांवर लावलेल्या वस्तू, त्यातला न्यायाचा तराजू, त्याने टिपला. दाराशी हत्ती पाहून, एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले कसे, असा प्रश्न त्याला पडला. असला तपशील रचून सांगण्याचे त्याला काही कारण नव्हते, म्हणून मी त्यावर भरवसा ठेवतो. पण तो आला होता व्यापाराचा तह करायला. विधींचा अर्थ त्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

सभासदाने बखर लिहिली ती वीसेक वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. सिंहासन ३२ मण सोन्याचे, असे तो सांगतो. हा आकडा निबंधात पुरावा म्हणून जसाच्या तसा उतरवू नये. मात्र पातशाह्यांच्या काळात मराठा राजा छत्रपती झाला, ही गोष्ट सामान्य नव्हे, हे त्याचे म्हणणे अनमोल आहे. स्वराज्यातल्या माणसांना त्या दिवसाचे मोल काय वाटत होते, ते इथेच कळते.

‘बखर उशिराची, म्हणून अविश्वसनीय’ एवढ्यावर थांबणारा निबंध मला अपुरा वाटतो. दरबार कसा दिसत होता, हा प्रश्न असेल तर ऑक्झिंडेन घ्या. अभिषेक का हवा होता, हे विचारायचे असेल तर सभासदाशिवाय भागत नाही.