कासेलची खानावळ: बटाटे मागवण्याआधी तेल विचारा

लेक लिलला नोकरीला, म्हणून फ्रान्सच्या त्या उत्तर टोकाला आमचं जाणं होतं. बेळगावातून हल्ली बरेच आईबाप पोरांकडे तिकडे जातात, त्यांच्यासाठी लिहितोय.

कासेल टेकडीवरचं गाव. उंची 176 मीटर, म्हणजे राजहंसगड चढणाऱ्याला किरकोळच. पण लिल-डंकर्क गाडीचं ‘कासेल’ स्टेशन गावात नाही, पायथ्याला बाव्हँशोव्हमध्ये आहे. तिथून तीनेक किलोमीटर चढ, वर दगडी फरसबंदी. गुडघेवाल्यांनी मोटारीनेच जावं.

हा मुलूख मूळचा फ्लेमिश, म्हणजे सरहद्दीपलीकडच्या बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या लोकांचा. 1677 ला इथं लढाई झाली आणि पुढच्या वर्षीच्या तहात गाव फ्रान्सकडे गेलं. आपल्याला 1956 माहीत आहे, जास्त सांगायला नको. आता बाजारात सगळे फ्रेंचच बोलतात, पण जेवणाने सरहद्द मानलेली दिसत नाही. तिथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीला एस्तामिने म्हणतात. लाकडी बाकं, कोपऱ्यात लाकडी खेळ, आणि उठा म्हणून कोणी मागे लागत नाही. त्याचे पूर्ण मार्क.

खास पदार्थ म्हणजे बिअरमध्ये तासन् तास शिजवलेलं गोमांस. रश्श्यात मोहरी लावलेला मसालेदार गोड पाव विरघळवतात. आम्ही खात नाही, शेजारच्या टेबलावरचा वास तेवढा घेतला. दुसरा पदार्थ पॉटयेव्लेश: कोंबडी, ससा, डुक्कर, वासरू, सगळं आंबूस जेलीत गोठवलेलं, थंडगार. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

हिच्यासाठी मारुआल चीजचा टार्ट घेतला. वासाला उग्र, चवीला फार छान, वरचा थर खरपूस. सोबत बटाट्याचे तळलेले काप. ते अर्धे संपल्यावर लेकीने विचारलं, तर कळलं की तळणी गाईच्या चरबीत! तिकडे ही जुनी रीतच आहे. पण ‘शाकाहारी आहोत’ असं आधी सांगूनही वेटर बोलला नाही, त्याचे दोन स्टार कापले. हिने पुढे घास घेतला नाही. चिकोरीची कॉफी मात्र दोघांनाही आवडली.

जेवण झाल्यावर वरची लाकडी पवनचक्की बघा. एका खांबावर पेललेलं अख्खं घरच ते, मागचा दांडा ढकलून वाऱ्याकडे फिरवायचं.

पाचपैकी तीन स्टार. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं, आणि सोमवारी जायचं तर आधी फोन करा.