एसीच्या शिकाऊ तंत्रज्ञासाठी हत्यारांचा पहिला संच

एसीच्या कामात शिकाऊ म्हणून रुजू होताना मी हत्यारांचा तयार संच घेतला आणि वर्षभर रोज वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. पाइप कटर उत्तम निघाला. तांब्याची नळी न चेपता सरळ कापली जाते. पाने, ॲलन की आणि स्क्रूड्रायव्हर ठीक आहेत.

फ्लेअरिंग टूलने, म्हणजे जोडासाठी नळीचे तोंड पसरट करणाऱ्या हत्याराने, मात्र निराशा केली. त्याचा शंकू सरळ दाबणारा असल्यामुळे नळीचे तोंड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होत असे, आणि आर-४१०ए किंवा आर-३२ या एसीतील शीतक वायूंचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असल्याने असा जोड लवकर गळू लागतो. अखेर मी एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून किंचित सरकलेल्या आणि फिरत दाबणाऱ्या शंकूचे टूल वेगळे घेतले, आणि माझ्या मते नवशिक्याने पहिला खर्च इथेच करावा. संचात रीमर (कापलेल्या नळीची आतली कड साफ करणारे हत्यार) नव्हता, ही मोठीच उणीव आहे. तोंड खाली धरून आतली कड साफ केली नाही, तर तांब्याचा कीस नळीत राहतो.

मॅनिफोल्ड गेज (वायूचा दाब दाखवणारे मीटर) चांगला आहे, परंतु नळ्यांतली हवा काढताना लागणारी ५०० मायक्रॉनची (मायक्रॉन हे अगदी कमी दाबाचे एकक) निर्वात पातळी त्याच्या काट्यावर वाचता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र मायक्रॉन गेजच लागतो. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून वीजप्रवाह मोजणारे मीटर) मोटरला चालायला मदत करणाऱ्या कपॅसिटरची क्षमता, म्हणजे मायक्रोफॅरड, मोजण्याची सोय आहे, आणि तिचा उपयोग मला सर्वांत जास्त झाला. टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) संचात नाही; तो मी पुढच्या महिन्यात घेणार आहे.