टीसीएक्सओ असलेला आरटीएल-एसडीआर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या गच्चीवर व्ही-डायपोल अँटेना लावून मी रशियाच्या मेटिऑर-एम मालिकेतील हवामान उपग्रहांची चित्रे १३७.९ मेगाहर्ट्झवर घेतो. आधी माझ्याकडे वारंवारता ठरवणाऱ्या साध्या क्रिस्टलचा स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक, होता. गेले आठ महिने तापमान बदलले तरी वारंवारता जपणारा, म्हणजे टीसीएक्सओ असलेला, डोंगल वापरत आहे.

जुन्या डोंगलची चूक सुमारे ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) होती. या वारंवारतेवर ती जवळजवळ ६.९ किलोहर्ट्झ भरते, आणि डॉप्लरचे (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत होणाऱ्या बदलाचे) अधिक-उणे ३ किलोहर्ट्झ त्यात मिळवावे लागतात. ट्यूनर आणि नमुने घेणारा भाग एकाच २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालत असल्याने तीच चूक टायमिंगमध्येही शिरते: सेकंदाला ७२,००० सिम्बॉल (माहितीची एकेक चिन्हे) येत असताना साडेतीनाहून अधिक सिम्बॉलांची घसरण होते. ही घसरण सॉफ्टवेअरमधील टायमिंग लूप, म्हणजे सिम्बॉलांची वेळ जुळवत राहणारा भाग, सहज भरून काढतो. खरी अडचण वाहक लहरीची. दहा किलोहर्ट्झ दूर असलेली लहर पकडायची तर कोस्टास लूपची (वाहक लहरीचा माग काढणाऱ्या भागाची) बँडविड्थ रुंद ठेवावी लागते, आणि रुंद लूपमध्ये गोंगाटही तितकाच शिरतो. त्यामुळे उपग्रह पन्हाळ्याच्या बाजूला क्षितिजालगत असताना लॉक (लहरीवरची पकड) सतत सुटत असे, आणि मी मात्र कित्येक महिने अँटेनालाच दोष देत राहिलो.

नव्या डोंगलची चूक १ पीपीएमच्या आत, म्हणजे १४० हर्ट्झहूनही कमी आहे. आता मुख्यतः डॉप्लरचाच माग काढायचा असतो, आणि उपग्रह डोक्यावरून जातानाही तो सेकंदाला तीसएक हर्ट्झच्या आसपासच बदलतो. म्हणून लूप बराच अरुंद करता आला. क्षीण संकेतावरही लॉक टिकतो आणि चित्राच्या दोन्ही टोकांच्या ओळी हाती लागतात. जुलैत सह्याद्रीवर दाटलेले ढग कोकणापासून थेट आमच्यापर्यंत एकसंध दिसले, तेव्हा खर्च सार्थकी लागला असे मनापासून वाटले.

नवीन घेणाऱ्यांनी सॉफ्टवेअरमधील ठिपक्यांची आकृती, जिच्यात आलेला प्रत्येक सिम्बॉल एक ठिपका म्हणून दिसतो, पाहायला अवश्य शिकावे. वाहक जुळला नसेल तर चार पुंजक्यांऐवजी कडे दिसते. टायमिंग चुकले असेल तर पुंजके फिरत नाहीत, पण विस्कटून मध्याकडे पसरतात. कोणता लूप सुधारायचा हे त्यावरून लगेच कळते.

डोंगलचे धातूचे कवच उन्हाळ्यात हाताला चटका बसण्याइतके तापते. तरी वारंवारता ढळलेली आढळली नाही. शहरातील एफएम केंद्रांच्या जोरदार संकेतांपुढे मात्र तो जुन्याइतकाच दबतो, त्यामुळे एफएम रोखणारा फिल्टर मला वेगळा घ्यावा लागला.