उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी परंपरावादी विचारांची पुस्तके: एक वेगळा क्रम

परंपरावादी (कन्झर्व्हेटिव्ह) राजकीय विचारांविषयी कुतूहल असलेल्या वाचकाला बहुतेक याद्या पहिल्याच पायरीवर अठराव्या शतकातले ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांच्या हाती सोपवतात. फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारे, १७९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स' हा या विचारपरंपरेचा मूळ ग्रंथ मानला जातो आणि तो मान रास्तच आहे. मीही तिथूनच सुरुवात केली होती, परंतु पहिल्या पन्नास-साठ पानांतच हात टेकले. लेखक कोणाशी आणि कशासाठी एवढ्या तळमळीने भांडतो आहे, हेच मला उमगत नव्हते. त्यामुळे सुट्टीतल्या सलग वाचनासाठी पुस्तके सुचवताना मी क्रम मुद्दाम बदलला आहे. शिवाय 'पुराणमतवादी' हा आपल्याकडचा रुळलेला शब्द वाचण्यापूर्वीच निकाल देऊन टाकतो, म्हणून या लेखात तो टाळला आहे.

सुरुवात विसाव्या शतकातले इंग्लिश तत्त्वज्ञ मायकल ओकशॉट यांच्या 'ऑन बीइंग कन्झर्व्हेटिव्ह' या निबंधाने करावी. १९५६ सालचे हे लेखन पुढे १९६२ मध्ये 'रॅशनॅलिझम इन पॉलिटिक्स' या संग्रहात आले आणि ते एका निवांत दुपारी वाचून होते. ओकशॉट यांच्या दृष्टीने परंपरावाद हा मनाचा एक कल आहे. जे हाताशी आहे त्यात रमण्याचा, आणि बदल स्वीकारण्यापूर्वी त्यात काय गमवावे लागेल याचा हिशेब मांडण्याचा. हे पटवण्यासाठी ते इतिहासाचे दाखले देत नाहीत, मैत्रीचा देतात. मित्र आपण उपयोगासाठी जोडलेला नसतो, त्यामुळे अधिक गुणी माणूस भेटला म्हणून कोणी जुना मित्र बदलून घेत नाही. गळ टाकून बसलेल्या छंदी माणसाचेही तसेच आहे. मासा मिळाला नाही तरी त्याचा दिवस वाया जात नाही. या साध्या उदाहरणांवरून ते हळूहळू राज्यकारभाराकडे वळतात आणि सरकारचे काम खेळातल्या पंचासारखे असावे, असे प्रतिपादन करतात. पंचाने नियम सांभाळावेत, स्वतः खेळायला उतरू नये. त्यांचे पुढचे विधान मला सर्वांत मोलाचे वाटते: सरकारच्या बाबतीत परंपरावादी असलेला माणूस जीवनाच्या जवळजवळ प्रत्येक अन्य क्षेत्रात कमालीचा बंडखोर असू शकतो, आणि त्यात कोणतीही विसंगती नाही.

याच संग्रहातला 'पोलिटिकल एज्युकेशन' हा निबंध त्याहून कठीण आहे, तरी सोडू नये. पाकशास्त्राचे पुस्तक वाचून स्वयंपाक जन्माला येत नाही, उलट ज्यांना स्वयंपाक येतो त्यांच्या जाणतेपणाचा तो मागाहून काढलेला सारांश असतो, हा त्यातला युक्तिवाद एकदा डोक्यात बसला की कागदावरच्या आराखड्यातून समाज नव्याने उभारू पाहणाऱ्या प्रत्येक योजनेकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. मात्र ओकशॉट यांची एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्याच्या वाट्याला आनंद घेण्याजोगे काहीच आलेले नाही, त्याने हा कल का जोपासावा? वर्तमान रखरखीत असेल तर ही वृत्ती क्षीण होईल किंवा उरणारच नाही, हे ते स्वतः मान्य करतात, पण तिथे थांबत नाहीत, पुढे निघून जातात.

यानंतर बर्क हाती घ्यावेत. आता त्यांचे पुस्तक उलगडू लागते. एका तरुण फ्रेंच परिचिताला लिहिलेल्या पत्राच्या रूपात ते असल्यामुळे त्यात प्रकरणे नाहीत, आणि सुरुवातीचा मोठा भाग राजा बदलणाऱ्या १६८८ च्या इंग्लिश क्रांतीचा अर्थ काय लावायचा या वादात जातो. हा भाग भरभर वाचला तरी चालेल. पुढे मात्र सावकाश जावे. समाज ही आज जिवंत असणाऱ्यांपुरती भागीदारी नसून तिच्यात गेलेले आणि अजून जन्माला यायचे असलेलेही सामील आहेत, हा सर्वपरिचित विचार त्याच्या मूळ जागी वाचताना किती भक्कम वाटतो, हे उद्धृतांच्या संग्रहांतून कळत नाही. चर्चच्या जप्त मालमत्तेच्या आधारावर काढलेल्या कागदी चलनाविषयीची पाने रुक्ष वाटतात, परंतु बर्क यांची खरी ताकद मला तिथेच दिसली, कारण तेथे ते भावनेच्या भरात बोलत नाहीत, व्यवहाराचे दुवे एकेक करून तपासतात. सैन्याची निष्ठा ज्याला आपल्याकडे वळवता येईल असा एखादा लोकप्रिय सेनापती अखेर सर्वसत्ताधीश होईल, हे त्यांनी १७९० मध्येच लिहून ठेवले होते. नेपोलियनने १७९९ मध्ये सत्ता घेतली तेव्हा बर्क यांच्या मृत्यूला दोन वर्षे झाली होती. आणि हे लिहिणारा माणूस अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून पार्लमेंटात बोललेला, भारतातल्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर महाभियोग चालवणारा होता, हे लक्षात ठेवले तर तो केवळ सत्तेचा भाट होता हा आरोप टिकत नाही.

तरीही फ्रान्सच्या राणीच्या अपमानाने व्याकूळ होणारे बर्क फ्रेंच शेतकऱ्याच्या हालांविषयी फार थोडे बोलतात. क्रांतीचे समर्थक लेखक टॉमस पेन यांनी १७९१ मध्ये त्यांना दिलेले उत्तर, की ते पिसाऱ्यासाठी हळहळतात आणि मरणारा पक्षी विसरतात, आजही वर्मी लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी अलेक्सी द तॉकव्हिल यांचे १८५६ चे 'द ओल्ड रेजीम अँड द रेव्होल्यूशन' लगेच वाचावे. सरकारी दफ्तरे चाळून तॉकव्हिल दाखवतात की क्रांतीच्या नावावर जमा असलेले केंद्रीकरण राजेशाहीनेच सुरू केले होते, आणि गावागावांतली स्वयंशासनाची सवय क्रांतीच्या कितीतरी आधी मरून गेली होती. वाईट राजवटीला सर्वाधिक धोका ती सुधारू लागते तेव्हा असतो, हे त्यांचे निरीक्षण याच पुस्तकातले. या सर्व पुस्तकांपैकी एकच वाचायचे ठरवले, तर मी हे निवडेन. त्यात बर्क यांचा आवेश नाही, परंतु जे तुटले ते कसे तुटले याची इतकी प्रामाणिक तपासणी अन्यत्र सापडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांचे 'द रोड टू सर्फडम' (१९४४) सर्वच याद्यांत असते. ते सुबोध आहे आणि महायुद्धकाळात लिहिले गेल्याची धग त्यात जाणवते. मी मात्र त्यांच्या १९६० च्या 'द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी' या ग्रंथाचे परिशिष्ट आधी वाचायला सांगेन, कारण त्यात आपण परंपरावादी का नाही हेच हायेक सांगतात. परंपरावाद्यांजवळ स्वतःची दिशा नसते, त्यामुळे ते दुसऱ्यांनी निवडलेल्या वाटेवर फार तर थोडे सावकाश ओढले जातात, असा त्यांचा आक्षेप आहे. ओकशॉट यांनी हायेक यांच्याविषयी उलट बाजूने असेच काही म्हटले होते: सर्व नियोजनाला विरोध करण्याची योजना नियोजनापेक्षा बरी असेलही, पण ती त्याच जातीच्या राजकारणातली आहे. हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत. ही परंपरा एका सुरात बोलत नाही, हे त्यांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रस्तावनेतून होत नाही.

रसेल कर्क यांचे 'द कन्झर्व्हेटिव्ह माइंड' (१९५३) विद्वत्तापूर्ण असले तरी नवख्यासाठी नव्हे. नावांच्या गर्दीत वाचक हरवतो. टॉमस सोवेल यांचे 'अ कॉन्फ्लिक्ट ऑफ व्हिजन्स' (१९८७) मानवी स्वभावाविषयीच्या दोन धारणांची नेटकी मांडणी करते, आणि विरोधी बाजूही न्यायाने मांडते, म्हणून वाद घालण्याची आवड असलेल्या तरुण वाचकाला ते द्यावे.

शेवटी एक कादंबरी. जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूसा यांची 'द लेपर्ड' लेखकाच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. कथा १८६० च्या सिसिलीत सुरू होते. इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीचे सैन्य उतरले आहे, जुने सरंजामी जग मोडते आहे, आणि सगळे आहे तसे राहायला हवे असेल तर सगळे बदलावे लागेल, असे कादंबरीचा नायक असलेल्या राजपुत्राला त्याचा भाचा सांगतो. वरच्या सर्व ग्रंथांनी जे तर्काने मांडले ते इथे धूळ, ऊन आणि म्हातारपण यांच्या रूपाने अंगावर येते. नव्या राज्याचा प्रतिनिधी राजपुत्राला सेनेटमध्ये येण्याचे आमंत्रण देतो तो प्रसंग मी दोनदा वाचला. राजपुत्र ते नाकारतो, आणि आपल्या जागी गावातल्या त्या नवश्रीमंत माणसाचे नाव सुचवतो, ज्याच्याविषयी त्याला मनातून काडीचाही आदर नाही.