बारावी सायन्सला घरी सर लावले: आठ महिन्यांनंतर

लेक बारावी सायन्सला, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुप. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीला सांगलीतल्याच एका मोठ्या क्लासला घातलं होतं. बॅचला नव्वद मुलं, माइकवर शिकवणं आणि शंका विचारायला रविवारी रांग. त्या रांगेत ती कधी उभी राहिलीच नाही. म्हणायची, "काय कळलं नाही तेच कळत नाही, विचारू काय?" बारावीच्या पहिल्या टेस्टला गणितात ५० पैकी १७ पडले, तेव्हा क्लासची फी भरून झालेली असूनही घरी सर लावले. ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेले. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास, दोन दिवस गणित आणि एक दिवस फिजिक्स. तासाला ५०० रुपये, म्हणजे महिन्याला ९,००० च्या आसपास. केमिस्ट्रीचं वेगळंच रामायण झालं, ते पुढे सांगते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी आत कणीक मळत होते, हे दोघं बाहेर डायनिंग टेबलवर. सरांनी साइन स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन घातलं. तिने झटक्यात लिहिलं, साइन क्यूब एक्स भागिले ३, अधिक सी. सर "चूक" म्हणाले नाहीत. म्हणाले, "आता हेच डिफरन्शिएट कर, म्हणजे उलटं जा. निघालीस तिथे परत पोचतेस का बघू." तिने केलं. साइन स्क्वेअर आलं, पण शेपटीला एक कॉस एक्स. "हा पाहुणा कुठून आला?" मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. माझाच जीव वरखाली, सांगून का टाकत नाहीत! शेवटी तीच पुटपुटली, "पॉवरचा नियम एक्सला आहे. साइनला तसाच नाही लावता येत." बरं, मग साइन स्क्वेअर हे कॉस टू एक्समध्ये लिहून दाखव म्हटल्यावर गाडी अडली ती अडलीच.

म्हणजे दुखणं बारावीच्या इंटिग्रेशनचं नव्हतंच, अकरावीच्या त्रिकोणमितीचं होतं. क्लासच्या टेस्टमध्ये अशाच गणितावर लाल फुली मारून पेपर परत आला होता. फुली बरोबरच होती, पण तिच्यातून मुलीला कळलं काय? मी पैसे मोजले ते या दहा मिनिटांचे, असं मला आजही वाटतं.

सरांनी बारावीचं पुस्तक मिटलं आणि पुढचे अडीच आठवडे अकरावीची त्रिकोणमिती घेतली. माझ्या पोटात गोळा. आमच्या ह्यांनी तर "मागचंच शिकवायला एवढे पैसे?" म्हणून हिशोब मांडला. पण सीईटीला (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) २० टक्के प्रश्न अकरावीवर असतातच, त्यामुळे तेही वाया गेलं नाही.

फिजिक्समध्ये तिला सूत्रं तोंडपाठ होती. रोटेशनल डायनॅमिक्सला सरांनी जत्रेतला 'मौत का कुआँ' काढला, विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवतात तो. तिने लगेच किमान वेगाचं सूत्र म्हणून दाखवलं. "सूत्र नको. कोण कोणाला ढकलतंय ते मराठीत सांग." भिंत मोटारसायकलवाल्याला आत, मध्याकडे ढकलते, घर्षण वर धरतं, वजन खाली ओढतं, इथवर ती आली. "मग वजनदार माणूस बसला तर जास्त वेग लागेल?" ही ठामपणे "हो." समीकरण मांडल्यावर दोन्हीकडचं वस्तुमान कटलं आणि ती स्वतःशीच हसली. त्यानंतर सर तेच इंग्रजीतून बोलायला लावत, कारण तिचा पेपर इंग्रजीत. क्लासमध्ये तिची गोची भाषेमुळे जास्त होत होती हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता केमिस्ट्री. त्यासाठी ऑनलाइन वन-टू-वन घेतलं, नाव लिहीत नाही. डेमोला ज्या मॅडम होत्या त्या सुरेख शिकवायच्या. तीन महिन्यांचे पैसे भरल्यावर वेगळेच सर आले, आणि दीड महिन्यात तेही बदलले. प्रत्येक नवीन माणूस पहिल्या धड्यापासून, सॉलिड स्टेटपासून सुरुवात करणार! समोर एकच मुलगी, तरी पीपीटी वाचून दाखवायची. मग ते वन-टू-वन कसलं? उरलेले पैसे मागायला पाच वेळा फोन केले, निम्मेच मिळाले. शेवटी केमिस्ट्री तिने मैत्रिणीबरोबर बसून, पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचून केली, आणि बरी केली.

घरच्या सरांचंही सगळं गोड नाही. नोव्हेंबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बारा दिवस शिकवणी बंद. एकट्या माणसाला बदली कोण? दुसरं म्हणजे लेकीला सवय लागली. गणित अडलं की पेन खाली, "सर आल्यावर विचारीन." सरांच्याच ते लक्षात आलं. त्यांनी नियम केला, अडलेल्या गणिताखाली स्वतःच्या तीन ओळी असल्याशिवाय ते घ्यायचंच नाही. पहिला आठवडा घरात नुसती धुसफूस.

आणि वेग. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. जो शिक्षक गप्प बसून वाट बघतो, त्याच्यासमोर घाई करायची सवय कशी लागणार? डिसेंबरात पहिला मॉक (सराव पेपर) दिला तर वेळेत ३४ प्रश्नच झाले. क्लास सोडला नाही ते बरं झालं, तिथल्या टेस्ट सिरीजचा तेव्हा उपयोग झाला. प्रिलिमला गणितात ८० पैकी ६१.

कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते: डेमोला मास्तर किती छान बोलतात ते बघू नका, मुलाच्या वहीत त्या तासात किती लिहिलं गेलं ते बघा. आणि तिन्ही विषय एकटाच घेतो म्हणणाऱ्याला जरा जपून.

बोर्ड झालं, सीईटी व्हायची आहे. सध्या रोज घड्याळ लावून एक पेपर. सर आता फक्त शनिवारी येतात, चुकलेल्या प्रश्नांपुरते, आणि गेल्या शनिवारी चाळीस मिनिटांतच उठले.