नर्सिंगसाठी सांगलीत घेतलेलं एज्युकेशन लोन: ५ पैकी २ स्टार

बीएस्सी नर्सिंगसाठी सांगलीतल्या एका सरकारी बँकेतून ४ लाखांचं लोन घेतलं होतं, आता मिरजेत प्रायव्हेट हॉस्पिटलला आयसीयूत ड्युटी करतेय आणि हप्ते चालू झालेत. ॲडमिशनचा सीझन आहे, आपल्याकडं बऱ्याच मुलींच्या घरी लोनचंच चाललं असणार म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते. लोन मिळायला त्रास नाही झाला. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज केला, ४ लाखांपर्यंत मार्जिन मनी (खर्चातला आपला वाटा) लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, पप्पा सहकर्जदार एवढंच, रान गहाण टाकायची वेळ आली नाही. फी दरवर्षी वेळेत थेट कॉलेजला जायची. तेव्हाच्या मॅनेजर मॅडम पण खूप नीट बोलायच्या.

पण व्याज. कोर्सची ४ वर्षं आणि पुढं १ वर्ष हप्ता नाही हे सगळे सांगतात, त्या काळात व्याज मात्र चढत राहतं हे कोण मांडून दाखवत नाही. दरवर्षी १ लाख उचललं आणि १० टक्के धरलं तर हप्ता सुरू होईपर्यंत ४ लाखांचे ५ लाख ४० हजार होतात, १० वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला ७१०० च्या वर. माझा पगार १५ हजार आहे, त्यातून रूमचं भाडं, मेस आणि घरी थोडंफार.

हेच व्याज भरायला केंद्राची सीएसआयएस योजना आहे, २००९ पासून. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज सरकार भरतं. तहसीलदारांचा दाखला आम्ही पहिल्याच वर्षी दिला, माझ्याकडच्या झेरॉक्सवर ब्रँचचा शिक्का आहे, तरी बँकेकडून या व्याजाचा क्लेम वर गेलाच नाही, स्टाफ बदलला आणि नंतर विचारलं तर म्हणे पोर्टल बंद झालं आता. तासगावच्या मैत्रिणीचं दुसऱ्या बँकेत हे काम झालं, तिचा हप्ता ५३०० च्या आसपास बसतो. महिन्याला १८०० चा फरक आणि तो १० वर्षं!

काउंटरवर सांगतात इन्कम टॅक्सच्या ८०ई कलमाखाली व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते, पण आमच्या पगाराला टॅक्सच बसत नाही तर सूट कशात घ्यायची. ५० बेडच्या आतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये सुद्धा नर्सला किमान २० हजार द्या असं केंद्राच्या समितीनं २०१६ लाच सुचवलंय, ते मिळालं असतं तरी हप्ता झेपला असता. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरजेचं नाव आहे, पार कर्नाटकातून पेशंट येतात, कामाला तोटा नाही, पण आमच्या बॅचच्या कितीतरी जणी हप्त्यापायी पुण्या-मुंबईला गेल्या. पेशंटचं करायला शिकलो आणि महिनाभर डोक्यात हप्त्याची तारीख, याचं फार वाईट वाटतं.

लोन घेणाऱ्यांनी दाखला दिला की क्लेम टाकल्याचा प्रिंटआउट मागायचाच, दर वर्षी, लाजायचं नाही. जमत असेल तर शिकतानाच व्याज भरत जा, बऱ्याच बँका त्यावर व्याजदरात १ टक्का सूट देतात. मी बँकेच्या वरच्या ऑफिसला लेखी तक्रार दिलीय, क्लेमचं काही झालं तर इथंच अपडेट करीन आणि स्टार पण वाढवीन.