ई-रिक्षाच्या टपावरचं 335 वॅटचं पॅनेल : बेळगावात काही महिने वापरल्यावर

पॅनेल किती वॅटचं, यापेक्षा रिक्षा दुपारी कुठे उभी असते यावर वीज जास्त ठरते.

जोडणी अशी: 72 सेलचं काचेचं पॅनेल, 16 सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि मध्ये बूस्ट एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून व्होल्टेज वाढवणारा चार्ज कंट्रोलर. पॅनेल 38 व्होल्टच्या आसपास चालतं, बॅटरीला मात्र 50च्या वर लागतात. त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरचा साधा सोलर कंट्रोलर इथे चार्जच करत नाही. बूस्टच मागून घ्या.

भर उन्हात 240-250 वॅट मिळतात, 335 कधीच नाहीत. एप्रिलात सेल 60-65 अंशांपर्यंत तापतात आणि 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते. म्हणून पॅनेल टपाला चिकटवू नका; स्क्वेअर पाइपची चौकट करून खाली दोन इंच हवा खेळू द्या. डिसेंबरात दुपारीही सूर्य 51 अंशांच्या वर जात नाही, सपाट पॅनेलला ते भोवतं. पावसाळ्यात फार आशा ठेवू नये.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे सावली. 72 सेल तीन गटांत असतात, प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, जो सावलीतला गट वगळून करंट पुढे नेतो. पुढच्या झेंड्याच्या काठीची सावली एका गटावर आडवी आली, की डीसी क्लॅम्प मीटरवर पावणेपाच अँपिअरचे तीन होतात. काठी मागे किंवा उत्तरेला नव्हे, तर पॅनेलच्या पातळीखाली घ्या, कारण रिक्षा दिशा बदलतच राहते. कॅम्पातल्या झाडांखाली गारवा छान, पण चार्जिंग जवळपास बंद. एपीएमसीच्या मोकळ्या आवारात उभी केली तर चांगल्या दिवशी एक युनिट, म्हणजे पंधराएक किलोमीटर सहज निघतात.

रात्रीचं चार्जिंग 80 टक्क्यांवरच थांबवा. फुल भरून सकाळी स्टँडवर लावली, तर उन्हाची वीज घ्यायला जागाच उरत नाही. कंट्रोलर 57 व्होल्टवर सेट करा. 58.4 ठेवलं आणि एखादा सेल आधी भरला, तर बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) बॅटरीची जोडणी तोडतो. बॅटरी अशी अचानक सुटली की कंट्रोलरचं आउटपुट उसळतं आणि त्यातले मॉसफेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) उडतात.

बिघाड बहुतेक हादऱ्यांचे. एमसी4च्या (पॅनेलच्या वायरच्या कनेक्टरच्या) पिना पकडीने नव्हे, क्रिंपिंग टूलनेच दाबा, नाहीतर सैल पडून कनेक्टर वितळतो. वायर 4 स्क्वेअर एमएम, बॅटरीजवळ 15 अँपिअरचा डीसी फ्यूज, बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न पडणारा). जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. खानापूर रोडची तांबडी धूळ पॅनेल थंड असताना, सकाळीच धुवा. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर बसतात, लगेच पुसून घ्या.